आधी पाठ बघा: इराणी भटक्या जमातींचा लोकरी गालिचा निवडण्यापासून पावसाळ्यात सांभाळण्यापर्यंत

दुकानात गालिचा उलगडला जातो तो नेहमी लव (धाग्यांच्या टोकांची मऊ बाजू) वर करून आणि भरपूर उजेडात. तिथे पहिलं काम एकच करायचं: तो उलटा करायला सांगायचा. समोरची बाजू भुलवण्यासाठीच असते. गालिचा कसा विणला, कशाचा विणला आणि मधल्या काळात त्याचं काय झालं, हे पाठ सांगते.

जमातींच्या गालिच्याबाबत तर हे जास्तच खरं, कारण त्यात वेडंवाकडंपण असतंच. कोणतं वेडंवाकडंपण विणीतून आलेलं आणि कोणतं खराबीतून, एवढं ओळखता आलं की निम्मी खरेदी झाली.

शहरातला गालिचा आणि डोंगरातला गालिचा

काशान, इस्फहान, तबरीझ इथला शहरी गालिचा उभ्या मागावर, चौकटीच्या कागदावर काढलेला नमुना समोर ठेवून विणतात. रेघा सरळ, डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी. कश्काई, बख्तियारी, लोर, अफशार, बलुच, तुर्कमेन या जमातींच्या बायका बहुतेक वेळा नक्षी डोक्यात ठेवून विणतात. भटकंतीतला माग जमिनीवर आडवा असतो: दोन दांडे आणि चार खुंट्या. कळप हलला की खुंट्या उपटायच्या, अर्धा गालिचा दांड्यांसकट गुंडाळायचा आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा ताणायचा. दुसऱ्यांदा ताण अगदी तेवढाच बसत नाही, म्हणून एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन बोटं रुंद होतं. लोकर थोडी-थोडी करून रंगवतात. एक खेप संपून दुसरी लागली की त्याच निळ्यात फिक्या-गडद आडव्या पट्ट्या उमटतात. त्यांना अबरश म्हणतात. ही खोट नव्हे. उलट यंत्रावरच्या गालिच्यात अबरशची नक्कल मुद्दाम घालतात, तेव्हा त्या पट्ट्या ठरावीक अंतरावर येतात आणि लगेच ओळखू येतात.

शिराझच्या आसपासच्या फार्स प्रांतातलं हे विणकाम २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. काशानचं विणकाम त्याच वर्षी, पण वेगळ्या नोंदीने. दोन्ही परंपरा वेगळ्या आहेत, हे त्यातूनच कळावं.

शब्दांच्या बाबतीत आपण या जगाला फारसे परके नाही. फारसीत 'काली' म्हणजे गालिचा आणि 'कालिचे' म्हणजे लहान गालिचा; आपला 'गालिचा' तिथलाच. 'फर्श' म्हणजे अंथरायची वस्तू, ती आपल्याकडे येऊन दगडाची फरशी झाली. 'जाजीम' हे इराणी भटक्यांचं लव नसलेलं पट्ट्यापट्ट्यांचं विणकाम, आणि आपलं जाजम त्याच घराण्यातलं. अफशारांच्या गालिच्यावर जो 'बोते' दिसतो, त्याला पैठणीच्या पदरावर आपण कोयरी म्हणतो.

कोणाचा गालिचा, हे ढोबळमानाने ओळखणं

कश्काई: ताणा (उभे धागे) लोकरीचा, बाणाही (आडवे धागे) बहुधा लोकरीचा आणि पुष्कळदा लालसर रंगवलेला. मधोमध एकाखाली एक अशी एक किंवा तीन शंकरपाळ्याच्या आकाराची पदकं, मोकळ्या जागेत बकऱ्या, पक्षी, फुलं विखुरलेली. लांबीच्या कडांवर दोन रंगांच्या लोकरीचा पीळ गुंडाळलेला असला तर कश्काईची शक्यता वाढते. लोकर मऊ आणि चकाकती. आधुनिक बैठकीत सर्वांत सहज मिसळतो तो हाच.

गब्बे हाही फार्समधलाच, कश्काई आणि लोरांचा. लव जाड, एक ते अडीच सेंटिमीटर. गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचे चार, सहा, कधी त्याहून जास्त फेरे, म्हणून पाठ उशीसारखी लवचिक लागते. मोठं एकरंगी मैदान आणि कोपऱ्यात एखादं झाड किंवा शेळी. रिकामी जागा आवडणाऱ्या घरात हा शोभतो. सावधगिरी एका गोष्टीची: भारतात 'गब्बे' नावाने विकला जाणारा बराच माल इथेच हातमागावर तयार होतो. तो वाईट नसतो, पण हाताने एकेक गाठ मारलेला नसतो, आणि किंमत त्याप्रमाणेच असायला हवी.

बख्तियारी: ताणा बहुधा सुती, नक्षी बागेच्या वाफ्यांसारखी चौकटीचौकटींची. घट्ट, जड, वर्दळ सोसणारा. बलुच: गडद लाल, काळपट निळा, तपकिरी, कधी उंटाच्या लोकरीचा पिवळट रंग, आकार लहान. अंधाऱ्या खोलीत तो आणखी अंधार करतो. तुर्कमेन: लाल जमिनीवर अष्टकोनी 'गुल' ओळीने. अफशार: केरमानकडचा, लहान, कोयऱ्यांचा.

'कश्काई डिझाइन' किंवा 'पर्शियन डिझाइन' असं लिहिलं असेल तर फक्त नक्षी तिकडची आहे असं समजा. भदोही-मिर्झापूर, जयपूर, काश्मीर इथेही हाताने गाठी मारलेले उत्तम गालिचे होतात, आणि भदोहीच्या मालाला भौगोलिक मानांकनही आहे. फक्त तो इराणी म्हणून इराणी भावाने घेऊ नये. अमेरिकेतल्या वाचकांसाठी: इराणी गालिच्यांच्या आयातीवर तिथे ऑगस्ट २०१८ पासून पुन्हा बंदी आली. इथून सोबत नेण्याआधी किंवा पाठवण्याआधी तिथले चालू नियम पाहा.

खरेदीच्या वेळची तपासणी, क्रमाने

सोबत मोजपट्टी, पांढरा सुती रुमाल, थोडं पाणी आणि मोबाइलचा टॉर्च असू द्या.

१. पाठ. नक्षी पाठीवरही तेवढीच स्पष्ट दिसायला हवी, प्रत्येक गाठ नखाला जाणवायला हवी. पाठीवर कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड: बंदुकीसारख्या यंत्राने लोकर टोचून मागून लॅटेक्स लावलेला. आपल्या हवेत लॅटेक्स काही वर्षांत भुगा होऊन झडतं.

२. दशा. दोन्ही टोकांच्या दशा म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे. त्या गालिच्याच्या पोटातून आलेल्या दिसायला हव्यात. वरून शिवलेली झालर असेल तर माल यंत्राचा, किंवा झिजलेलं टोक कापून झाकलेलं.

३. गाठी मोजणं. पाठीवर ५ × ५ सेंटिमीटरचा चौकोन धरा. आडव्या आणि उभ्या गाठी मोजून गुणाकार करा, त्याला ४०० ने गुणा; चौरस मीटरच्या गाठी मिळतात. इथे एक चूक सर्रास होते. गाठ ताण्याच्या दोन धाग्यांभोवती असते आणि ताणे एका पातळीवर असतील तर पाठीवर तिचे शेजारी-शेजारी दोन उंचवटे दिसतात. ते दोन मिळून एक गाठ. दोन मोजल्या की आकडा दुप्पट होतो, आणि काही विक्रेते तोच दुप्पट आकडा ऐकवतात. गब्बेत ५ सेंटिमीटरला ८ ते १२ गाठी भरतात, बऱ्या कश्काईत १५ ते २०.

हिशेब असा: १६ × १६ = २५६, गुणिले ४०० म्हणजे चौरस मीटरला १,०२,४००. १३० × २०० सेंटिमीटरच्या गालिच्यात सुमारे २ लाख ६६ हजार गाठी. दिवसाला ८,००० गाठी धरल्या तरी नुसत्या विणकामाचे ३३ दिवस. कातणं, रंगवणं, धुणं वेगळं. भाव 'फारच स्वस्त' वाटला तर हा हिशेब आठवावा. मात्र जमातीच्या गालिच्याची किंमत गाठींच्या संख्येवर ठरवू नका. दाट गाठी हा शहरी गालिच्याचा मान. इथे लोकर, रंग आणि रचना बघायची.

४. चोरगाठ. दोनऐवजी चार ताण्यांवर एक गाठ मारली की काम निम्म्यात होतं. फारसीत तिला जुफ्ती म्हणतात. पाठीवर मोठ्या एकरंगी भागात गाठी अचानक रुंद दिसल्या की समजावं. तिथली लव विरळ असते आणि आधी झिजते.

५. रंग. ओला रुमाल प्रत्येक गडद रंगावर, विशेषतः लालावर, अर्धा मिनिट दाबून घासा. रुमालावर रंग आला तर पहिल्याच धुण्यात लाल शेजारच्या पांढऱ्यात उतरणार. मग गालिचा वाकवून लवेचं मूळ बघा. टोकं राखाडी आणि मुळाशी भडक गुलाबी असेल तर ती जुन्या कच्च्या रासायनिक रंगाची खूण. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा टोकाकडे थोडा निवळतो, पण त्याची जात बदलत नाही. झिजलेल्या जागी मुळाशी पांढरट ताणा न दिसता शाईसारखा रंग दिसला, तर मार्करने रंगवून झाकलंय.

जुन्या गालिच्यात काळपट तपकिरी भागाची लव बाकीपेक्षा खोल गेलेली दिसते. तो रंग लोहाच्या क्षारांनी बसवलेला असतो आणि लोह लोकरीला हळूहळू खातं. ही वयाची खूण आहे; त्यावर भाव पाडून मागू नका.

६. कूज. गालिचा पाठीकडून हलकेच दुमडा आणि कान द्या. सुती ताणा कुजला असेल तर बारीक कट्कट् आवाज येतो. तो आला की कितीही सुंदर असला तरी सोडा. कूज दुरुस्त होत नाही.

७. आकार. दोन्ही टोकांची आणि मधली रुंदी मोजा. १३० सेंटिमीटरला ४ ते ६ सेंटिमीटरचा फरक चालतो. पण जमिनीवर पसरल्यावर मध्ये फुगवटा राहत असेल आणि हाताने सपाट होत नसेल, तर तो पायात अडकेल आणि त्याच रेषेत झिजेल.

८. धागा. परवानगी घेऊन लवेची दोन-चार टोकं कापून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख चुरगळते. कागदाचा वास आला तर व्हिस्कोस, वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम.

गालिच्यात विणलेला सनही पाहायला मिळतो, आणि तिथे गफलत होते. १३२० हा आकडा हिजरी चांद्र असेल तर त्यातून त्याचा तेहेतिसावा भाग वजा करून ६२२ मिळवायचे: १९०२. इराणने १९२५ मध्ये सौर सन स्वीकारला. तो असेल तर नुसते ६२१ मिळवायचे: १९४१. एकाच आकड्यात जवळजवळ चाळीस वर्षांचं अंतर. शिवाय अक्षर न येणारी विणकर जुन्या गालिच्यावरून आकडा नक्षी म्हणूनही उतरवते. सनापेक्षा लोकर आणि रंगावर विश्वास ठेवा.

फ्लॅटमध्ये मांडणी

आकाराचा प्रश्न इथे वेगळा आहे. भटक्यांचा माग अरुंद, त्यामुळे मोठे गालिचे कमी. बाजारात जास्त भेटतात ते साधारण १०० × १५० आणि १३० × २०० सेंटिमीटरचे. १६० × २६० मिळाला तर बैठकीला उत्तम. घरी एक चादर नेमकी त्या मापाची घडी घालून दोन दिवस जमिनीवर ठेवा. येता-जाता पाय कुठे पडतो, बाल्कनीचं दार अडतं का, लगेच कळतं. आत उघडणाऱ्या दाराखालची फट मात्र मोजाच. गब्बे आणि खालचा पॅड मिळून दोन-तीन सेंटिमीटर सहज होतात.

तीन आसनी सोफा सुमारे सात फुटांचा. त्यापुढे १३० × २०० चा गालिचा एकटा टाकला की तो तरंगल्यासारखा दिसतो. दोन उपाय आहेत. एक, सोफ्याचे पुढचे पाय त्यावर १५-२० सेंटिमीटर घ्यायचे आणि लहान टीपॉय ठेवायचं, म्हणजे मधली नक्षी झाकत नाही. दुसरा, आणि लहान गालिच्यासाठी हाच बरा: खाली सोफ्यापेक्षा रुंद साधी ज्यूटची चटई किंवा फिकी एकरंगी सतरंजी, आणि वर गालिचा. भिंतीपासून निदान १५ सेंटिमीटर फरशी उघडी राहू द्या.

जेवणाच्या टेबलाखाली हा गालिचा घालू नये. एक तर खुर्ची मागे सरकवूनही पाय गालिच्यावरच राहायला टेबलाच्या चारी बाजूंनी ६० ते ७५ सेंटिमीटर जास्त लागतं, आणि तेवढा आकार मिळत नाही. दुसरं कारण हळद. तिच्याकडे पुढे येऊ.

लवेला दिशा असते. हात फिरवून बघा: एका बाजूने गुळगुळीत, उलट्या बाजूने खरखरीत. लव तुमच्याकडे झुकलेली असेल तर रंग गडद आणि खोल दिसतो, पलीकडे झुकलेली असेल तर फिका आणि चकचकीत. लहान खोलीत दारातून शिरताना फिकी बाजू दिसू द्या.

दिव्याचा विचार बहुतेक जण विसरतात. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याफटक ट्यूबखाली मंजिष्ठेचा लाल विटकरी-मळकट दिसतो. २७०० ते ३००० केल्विनचे, रंगदर्शकांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे दिवे लावले की तोच गालिचा वेगळा वाटतो. रंग जुळवताना गालिच्यातला मुख्य लाल पडद्यांवर आणू नका. कडेच्या बारीक पट्टीतला एखादा दुय्यम रंग – हिरवट निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा – उशांना घ्या. ग्रे सोफा, पांढरी भिंत आणि कश्काई हे सोपं समीकरण. भिंतीवर टेक्स्चर, छताला पीओपीची नक्षी आणि खाली जमातीचा गालिचा, अशा घरात मात्र तिघंही एकमेकांशी भांडतात.

व्हिट्रिफाइड टाइल्सवर पॅड सक्तीचा. फेल्ट आणि नैसर्गिक रबराचा ६ ते ८ मिलिमीटरचा घ्या, चारी बाजूंनी २-३ सेंटिमीटर आत कापा. जाळीदार पीव्हीसीची चटई उन्हाळ्यात चिकट होते आणि फरशीवर डाग सोडते.

भिंतीवर टांगायचा तर खिळे नकोत. वरच्या टोकाला पाठीवर ५ सेंटिमीटर रुंद सुती पट्टी ताण्याला टाके घेत शिवा, पट्टीवर वेल्क्रोची मऊ बाजू, आणि दुसरी बाजू लाकडी पट्टीवर. लाकडी पट्टीमुळे भिंतीपासून दोन-तीन सेंटिमीटर हवा खेळते. मुंबई-कोकणात बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यात टांगूच नका.

रोजची काळजी, आणि लादी पुसण्याचा प्रश्न

आपल्या घरांत गालिच्याचं खरं नुकसान चपलांनी होत नाही, ते ओल्या फडक्याने होतं. रोज लादी पुसताना कडा ओल्या होतात, फिनेलचं पाणी पाठीत शोषलं जातं. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल धरूनही हाताला कोरडी लागते, म्हणून वर काहीच कळत नाही आणि खाली सुती ताणा कुजतो. नियम असा: पुसण्याआधी गालिचा गुंडाळून बाजूला, पुसल्यावर पंखा लावून अर्धा तास, मग अंथरायचा. मदतीला येणाऱ्या मावशींना एकदा कारण समजावून सांगितलं की त्या पाळतात. ते जमणार नसेल तर गालिच्याभोवती वीतभर जागा कोरड्या फडक्याने पुसायची.

व्हॅक्यूम आठवड्यातून एकदा, लवेच्या दिशेने, फिरता ब्रश बंद करून. दशांवर नळी नेऊ नका; रोबो क्लीनर तर दशा गिळतोच. महिन्यातून एकदा उलटा करून पाठीवर व्हॅक्यूम फिरवा, मुळाशी बसलेली वाळू खाली पडते. तीच वाळू पायाखाली लोकर कापते. सहा महिन्यांनी गालिचा १८० अंशांत फिरवा.

नवा गालिचा पहिले काही महिने लोकर सोडतो. घाबरू नका. एखादी गाठ वर आली तर ओढू नका, लवेच्या पातळीला कात्रीने कापा.

डाग

सांडलं की लगेच पांढऱ्या फडक्याने टिपा, घासू नका. मग गार पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं. तरी उरलं तर लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण, आणि शेवटी साधं पाणी. गालिच्याखाली टॉवेल ठेवा आणि दोन्ही बाजूंनी पंख्याखाली सुकवा. कपड्यांची नेहमीची पावडर वापरू नका: त्यातली प्रथिनं फोडणारी एन्झाइम लोकरीलाच खातात, कारण लोकर हेही प्रथिनच. क्लोरीन ब्लीच तर लोकर विरघळवतं.

तेल-तुपावर कॉर्नफ्लोअर टाकून चार तास ठेवा, मग व्हॅक्यूम.

हळद लोकरीला डाग म्हणून लागत नाही, रंग म्हणून चढते. साबण लावला की अल्कलीने ती लाल होते आणि माणूस आणखी घासत सुटतो. साबण नको. चमच्याने वरचा रस्सा उचला, गार पाण्याने टिपा, एक भाग पांढरा व्हिनेगर आणि चार भाग पाणी हलकेच लावून टिपा. उरलेला पिवळेपणा उजेडात विरतो: फक्त ती जागा सकाळच्या उन्हात, बाकी गालिचा कापडाने झाकून, दिवसाला तासभर, काही दिवस.

कसर, पावसाळा, धुलाई

कसरीचा पतंग लोकर खात नाही, तिची अळी खाते, आणि तिला अंधार व शांतता लागते. म्हणून छिद्रं नेहमी सोफ्याखालच्या भागात सापडतात. महिन्याला तो भाग उचलून टॉर्चने बघा: वाळूसारखे कण, रेशमी जाळीच्या नळ्या, पाठीवर खाल्लेल्या गाठी. सापडलं तर दोन्ही बाजूंनी कसून व्हॅक्यूम करा आणि पिशवी लगेच घराबाहेर टाका. लहान गालिचा असेल तर प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार लोकरीवर दव धरतं. कडुनिंबाच्या पाल्याने पतंग थोडे दूर राहतात, आतल्या अळ्या मरत नाहीत. डांबराच्या गोळ्या बंद पेटीतच, झोपायच्या खोलीत नकोत.

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर गालिचा उचलून ठेवणं शहाणपणाचं. आधी स्वच्छ आणि पूर्ण कोरडा करा. १०-१५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर, लव बाहेर ठेवून गुंडाळा, घडी कधीच नको. वरून धुतलेली सुती चादर, प्लास्टिक नाही. नळी जमिनीपासून उंच, आडवी ठेवा. दर तीन-चार आठवड्यांनी पावसाची उघडीप मिळाली की उलगडून पंख्याखाली हवा द्या. पुणे, नाशिक, नागपूरकडे अंथरलेला राहिला तरी चालतो, पण पाठीला हात लावून ओल तपासत राहा.

पूर्ण धुलाई तीन ते पाच वर्षांतून एकदा, आणि दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतच. ओला गालिचा २४ तासांत सुकला नाही तर रंग फुटायला आणि वास धरायला सुरुवात होते. देण्याआधी तीन गोष्टी विचारा: रंग फुटण्याची चाचणी आधी करता का, धुण्याचं पाणी गार की गरम, आणि सपाट सुकवता की दोरीवर. 'ड्रायक्लीन करतो' असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा. त्याने लोकरीचं नैसर्गिक तेल निघतं आणि मुळाची माती तशीच राहते.

टोकाकडची विण सुटायला लागली तर वाट बघू नका. एक ओळ सुटली की पुढची मोकळी होते. जाड सुती दोऱ्याने दर दोन-तीन ताण्यांवर, शेवटच्या शाबूत ओळीच्या आत सुई घालून टाके घ्या आणि मगच कारागीर शोधा. चिकटपट्टी किंवा फेविकॉल लावून आणलेला गालिचा दुरुस्त करणं मूळ कामाच्या दुप्पट महाग पडतं.